जुने मुष्टियोद्धे आणि आजचे मुष्टियोद्धे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात दोन काळांतल्या पैलवानांची तुलना हा कधीही न संपणारा विषय आहे. श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने ही नावे निघाली की तालमीच्या कट्ट्यावरची बैठक लवकर उठत नाही. जुन्या लढतींची चित्रफीत मोबाइलवर सहज मिळू लागल्यापासून तोच वाद आता मुष्टियुद्धातल्या नावांवरूनही रंगतो. व्यायामशाळेत मुष्टियुद्ध शिकायला येणारी मुले, त्यांचे पालक आणि कुस्तीतले काही जाणते यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची मला पटलेली उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

दोन वेगळ्या काळांतल्या मुष्टियोद्ध्यांची तुलना करण्यात काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, मात्र लढत कोणत्या नियमांनी व्हायची, हे आधी ठरले पाहिजे. खासबाग मैदानात बसलेल्या जाणकाराला एखाद्या जुन्या आणि एखाद्या नव्या मल्लाची जोड लावून दाखवा. तो पहिला प्रश्न विचारील तो 'मातीवर की मॅटवर?' हाच. मुष्टियुद्धातही फेऱ्या किती, हातमोजे किती औंसांचे, वजन कधी घ्यायचे आणि पंचाने लढत कधी थांबवायची, या चार गोष्टी ठरल्याखेरीज बोलणे पुढे सरकत नाही. बहुतेक वादांत एक जण पंधरा फेऱ्यांची लढत डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो आणि दुसरा बारा फेऱ्यांची, आणि आपण दोन निराळ्या लढतींविषयी भांडतो आहोत हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

'जुना काळ' म्हणजे नेमका कोणता?

जुना काळ एक नाही, निदान तीन आहेत. पहिला उघड्या मुठींचा. त्या काळातली शेवटची मोठी किताबी लढत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात १८८९ मध्ये झाली आणि ती ७५ फेऱ्या चालली. हा आकडा ऐकून मुले चकित होतात. पण त्या नियमांत कोणी खाली पडला की फेरी संपत असे, त्यामुळे फेरी काही सेकंदांचीही असू शकत होती. ती लढत प्रत्यक्षात सव्वादोन तासांच्या आसपास चालली. सव्वादोन तास उघड्या मुठींनी लढणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे, हा भाग वेगळा.

दुसरा काळ क्वीन्सबरी नियमांचा. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, हातांत मोजे आणि दहा अंक मोजण्याची पद्धत हे नियम १८६७ चे आहेत. पण अत्युच्च वजनगटाचा (हेवीवेट) किताब त्या नियमांनी कायमचा ठरू लागला तो १८९२ मध्ये जेम्स कॉर्बेटने सलिव्हनला एकविसाव्या फेरीत हरवल्यानंतर. तरीही फेऱ्यांच्या संख्येला बराच काळ धरबंध नव्हता. जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची १९०६ ची लढत ४२ फेऱ्या चालली. १९१५ मध्ये हवानाला जॅक जॉन्सन हरला तो सव्विसाव्या फेरीत. तिसरा काळ साधारण १९२० नंतरचा, म्हणजे पंधरा फेऱ्या आणि परीक्षकांच्या गुणांवर निकाल ही पद्धत रुळल्यानंतरचा. माझ्या मते आजच्या मुष्टियोद्ध्यांशी खरी तुलना होऊ शकते ती या तिसऱ्या काळातल्यांचीच. सलिव्हन आणि टायसन फ्युरी यांची जोड लावणे म्हणजे मजेचा खेळ आहे, विश्लेषण नव्हे.

मोहम्मद अली आजच्या टायसन फ्युरीला किंवा ओलेक्सांद्र उसिकला हरवू शकला असता का?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. अत्युच्च वजनगट हा एकच गट असा आहे की, ज्यात वजनाला वरची मर्यादा नाही. त्यामुळे माणसांचे आकारमान वाढत गेले, तसे या गटाचे रूपच बदलले. रॉकी मार्सियानो किताबाच्या दिवसांत साधारण १८५ ते १९० पौंडांचा, म्हणजे ८५ किलोंच्या आसपास होता. आज तो क्रूझरवेट गटात लढला असता, कारण त्या गटाची मर्यादाच २०० पौंड आहे. मे २०२४ मध्ये रियाधला उसिकविरुद्ध उतरलेल्या फ्युरीचे वजन २६२ पौंड होते आणि उंची सहा फूट नऊ इंच. एवढ्या तफावतीत मार्सियानोच्या बाजूने पैज लावणे मला तरी जमणार नाही.

यावर जॅक डेम्प्सीचे उदाहरण हमखास दिले जाते. १९१९ मध्ये १८७ पौंडांच्या डेम्प्सीने २४५ पौंडांच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले, हे खरे आहे. पण विलार्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि तीन वर्षे त्याने किताबाचा बचावच केलेला नव्हता. शिवाय त्या वेळी खाली पडलेला प्रतिस्पर्धी उठत असताना त्याच्या डोक्याशी उभे राहून लगेच ठोसा मारण्याची मुभा होती आणि डेम्प्सीने ती पुरेपूर वापरली. लेनॉक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिच्को यांच्यापासून हा उंच, वजनदार मुष्टियोद्धा जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर) अंतर राखणारा, दमसास असलेला आणि शिकलेला झाला. विलार्डवरून त्यांच्याविषयी अनुमान काढता येत नाही.

अलीची गोष्ट मात्र निराळी आहे. सहा फूट तीन इंच उंची आणि उमेदीच्या काळात २१० पौंडांच्या आसपास वजन, म्हणजे बांधा जवळजवळ उसिकचाच. उसिकने क्रूझरवेटमधून वर येऊन २०२४ मध्ये फ्युरीला दोनदा गुणांवर हरवले, त्यामुळे या आकाराचा माणूस आजच्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यापुढे टिकत नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. सैन्यभरती नाकारल्यामुळे बंदी येण्यापूर्वीचा, १९६६-६७ चा अली फ्युरीला गुणांवर हरवू शकला असता, असे माझे मत आहे. उसिकविरुद्ध मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. उसिक डावखुरा आहे, त्याची पावले कधी थांबत नाहीत आणि अली हात खाली ठेवून, मान मागे घेऊन ठोसा चुकवीत असे; ती सवय डावखुऱ्याच्या सरळ डाव्या ठोशापुढे महागात पडू शकते.

पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्याने असा कितीसा फरक पडला?

फार मोठा. या एका बदलाने इतिहासातले काही प्रसिद्ध निकाल उलटले असते. १८ जून १९४१ रोजी बिली कॉन हा वजनाने बराच हलका आव्हानवीर बाराव्या फेरीअखेर दोन परीक्षकांच्या पत्रकांवर जगज्जेत्या जो लुईसच्या पुढे होता आणि तिसऱ्याच्या पत्रकावर बरोबरीत होता. तेराव्या फेरीत तो लुईसला लोळवायला गेला आणि स्वतःच लोळला. मार्सियानो १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तिन्ही पत्रकांवर मागे असताना तेराव्या फेरीतल्या एका उजव्या ठोशाने जगज्जेता झाला. शुगर रे लेनर्डने १९८१ मध्ये टॉमी हर्न्सला चौदाव्या फेरीत थांबवले, तेव्हा तोही गुणांत मागेच होता. बारा फेऱ्यांचा नियम लावला, तर कॉन जगज्जेता ठरतो, मार्सियानोची ४९-० (४९ विजय, एकही पराभव नाही) ही नोंद उरत नाही आणि लेनर्डचा सर्वांत नावाजलेला विजय पराभवात बदलतो.

अर्थात हे गणित इतके सरळही नाही. बारा फेऱ्याच आहेत हे आधीपासून माहीत असते, तर लुईसने आणि मार्सियानोने जोर लवकर लावला असता. पंधरा फेऱ्यांसाठी दम राखून ठेवणे हेच त्या काळातले एक कौशल्य होते आणि आजच्या मुष्टियोद्ध्याला ते शिकण्याची गरजच उरलेली नाही. मात्र हा बदल माणसे वाचवण्यासाठी झाला, हे विसरू नये. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्धची लढत चौदाव्या फेरीत थांबवण्यात आल्यानंतर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने बारा फेऱ्यांची मर्यादा घातली आणि १९८० च्या दशकाअखेरपर्यंत इतर संघटनांनीही ती स्वीकारली. पंधरा फेऱ्या परत आणा, असे उत्साहाने म्हणणाऱ्यांना मी ही लढत वाचायला सांगतो.

वजन घेण्याच्या वेळेवरून एवढा वाद का होतो?

कुस्तीच्या गावात हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट यांचे अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरले आणि पदक हातचे गेले, ते सर्वांना आठवते. ऑलिंपिक कुस्तीत लढतीच्या दिवशी सकाळी वजन घेतात. व्यावसायिक मुष्टियुद्धातही पूर्वी लढतीच्याच दिवशी वजन घेत. आता ते आदल्या दिवशी घेतले जाते. त्यामुळे शरीरातले पाणी उतरवून वजन द्यायचे आणि रात्रभरात ते परत भरून काढायचे, हा शिरस्ता झाला आहे. २००० साली १४१ पौंड वजन दिलेला आर्टुरो गॅटी दुसऱ्या रात्री जोई गॅमाशपुढे उभा राहिला, तेव्हा त्याचे वजन १६० पौंडांवर गेल्याची नोंद झाली होती. हे टोकाचे उदाहरण आहे, पण दिशा हीच आहे.

परिणाम असा की, गटाचे नाव तेच राहिले तरी आतला माणूस बदलला. १९४० च्या दशकातला १४७ पौंडांचा वेल्टरवेट रिंगमध्येही जवळपास तेवढ्याच वजनाचा असे; आजचा वेल्टरवेट रिंगमध्ये येतो तेव्हा तो पुष्कळदा जुन्या हिशेबाने मिडलवेट, म्हणजे १६० पौंडांच्या गटातला असतो. म्हणून शुगर रे रॉबिन्सनची आजच्या वेल्टरवेटशी जोड लावायची असेल, तर रॉबिन्सन मिडलवेटच्या दिवसांतला घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

रॉबिन्सनने सुमारे २०० लढती केल्या आणि फ्लॉइड मेवेदरने ५०. मग श्रेष्ठ कोण?

आकड्यांवर हा निकाल लावू नये. रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत आणि त्यांतले बरेचसे चाळिशीनंतरचे आहेत, जेव्हा तो पैशांसाठी लढत राहिला होता. उमेदीच्या काळात तो कसा लढत असे, हे फेब्रुवारी १९४३ वरून कळते : ५ तारखेला जेक लमोटाकडून पहिला पराभव, १९ तारखेला जॅकी विल्सनविरुद्ध विजय आणि २६ तारखेला पुन्हा लमोटा, या वेळी विजय. एका महिन्यात तीन कठीण लढती! आजचा जगज्जेता वर्षाला दोन लढती करतो आणि प्रत्येकीची तयारी दोन-तीन महिने चालते.

सतत लढण्यातून जे शिकायला मिळते, ते सरावात मिळत नाही, असे आपल्याकडचे वस्तादही सांगतात. यात्रा-जत्रांची मैदाने मारलेला पैलवान आणि नुसता तालमीत घुमलेला पैलवान यांतला फरक त्यांना दिसतो. पण आजच्यांनी ही उणीव दुसरीकडून भरून काढली आहे. उसिकने आणि वासिल लोमाचेन्कोने व्यावसायिक होण्यापूर्वी शेकडो हौशी लढती केल्या होत्या. लोमाचेन्कोने आपल्या तिसऱ्याच व्यावसायिक लढतीत जागतिक किताब मिळवला तो या शिदोरीवर. मधल्या वजनांत मात्र जुन्यांचे जवळून लढण्याचे कसब, म्हणजे क्लिंचमध्ये (एकमेकांना बिलगून धरलेले असताना) हात मोकळा ठेवणे, खांद्याने प्रतिस्पर्ध्याला वळवणे, बरगडीखाली ठोसा देणे, आज क्वचित दिसते आणि मला ते आजही सरस वाटते.

अपराजित राहणे हा श्रेष्ठत्वाचा पुरावा मानावा का?

नाही. हॅरी ग्रेब, रॉबिन्सन, अली हे सर्व हरलेले आहेत. पराभवाने बाजारभाव उतरतो, हा विचार अलीकडे इतका पक्का झाला आहे की, धोकादायक प्रतिस्पर्धी टाळणे हाच एक व्यवहार होऊन बसला आहे. शून्याकडे पाहण्याऐवजी समोर कोण होते ते पाहावे.

जुन्या चित्रफितींत मुष्टियोद्धे अडाणी आणि अडखळत हलल्यासारखे का दिसतात?

मूकपटांच्या काळातले चित्रीकरण सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रांच्या गतीने होत असे आणि तेच पुढे २४ च्या गतीने दाखवले गेले, म्हणून माणसे टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसतात. योग्य गतीने पाहिली की, जॅक जॉन्सनचा बचाव किती शांत होता ते लक्षात येते. ग्रेबची तर एकही संपूर्ण लढत चित्रफितीवर उपलब्ध नाही. तो पुढे जगज्जेता झालेल्या जीन टनीला हरवणारा एकमेव मुष्टियोद्धा, पण त्याच्याविषयीचे आपले मत संपूर्णपणे त्या काळच्या वृत्तपत्रांवर उभे आहे. आपल्याकडच्या जुन्या मल्लांची स्थिती यापेक्षा वेगळी नाही.

जुने मोजे लहान होते, म्हणून जुन्यांचे ठोसे अधिक घातक होते का?

शतकापूर्वी पाच-सहा औंसांचे मोजे वापरात होते. आज वेल्टरवेटपर्यंत आठ आणि त्यावर दहा औंसांचे असतात. लहान मोज्याने कातडी लवकर फाटते आणि हातही लवकर मोडतो, म्हणून जुने मुष्टियोद्धे ठोसे मोजून मारत. मोठा मोजा हाताचे रक्षण करतो, त्यामुळे डोक्यावर अधिक वेळा मारता येते.

एके काळी आठ जगज्जेते असत. आज इतके कसे?

आठ वजनगटांचे सतरा झाले आणि प्रत्येक गटात चार प्रमुख संघटना आपापला किताब देतात. एका संघटनेने तर अठरावा गटही काढला आहे. १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट हे तीन किताब एकाच वेळी होते, म्हणजे जगातल्या आठ किताबांपैकी तीन. मॅनी पॅकियाओने आठ गटांत किताब मिळवले, हा पराक्रम मोठाच आहे, पण दोघांचे आकडे शेजारी ठेवताना भाजक निराळा आहे हे ध्यानात असावे. आज खरे मोल आहे ते एका गटातले चारही किताब एकत्र करण्याला. नाओया इनोउए आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांनी ते एकाहून अधिक गटांत केले आणि मी त्यांना कोणत्याही काळातल्या थोरांच्या पंक्तीत बसवीन.

जुना जगज्जेता हा त्या काळातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा होता, असे धरून चालावे का?

मुळीच नाही आणि जुन्या काळाचे गोडवे गाणारे हा मुद्दा सोयीस्करपणे वगळतात. वर्णभेदामुळे सॅम लँगफर्डला जागतिक किताबासाठी अत्युच्च वजनगटात कधीच संधी मिळाली नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षे पहिला आव्हानवीर असूनही डेम्प्सी त्याच्याशी लढला नाही. चार्ली बर्ली किताबी लढतीविनाच निवृत्त झाला. म्हणून तुलना किताबांच्या यादीवरून करायची नाही, तर लढलेल्या माणसांवरून करायची. या एका बाबतीत आजचा काळ निःसंशय अधिक न्याय्य आहे. आज लढती अडतात त्या आयोजक आणि वाहिन्यांच्या भांडणांत.

संगणकाकडून असा निकाल काढता येत नाही का?

प्रयत्न झाला आहे. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनरने संगणकाच्या आधारे सर्वकाळच्या जगज्जेत्यांची स्पर्धा रेडिओवर घडवून आणली. त्यात अली जिम जेफ्रिजकडून हरल्याचे दाखवल्याने अलीने दावा लावला. पुढे १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगमध्ये उतरवून, वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवण्यात आले. मार्सियानो त्याच वर्षी विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांना त्याने तेराव्या फेरीत अलीला बाद केल्याचे दाखवण्यात आले. आधी अनेक शेवट चित्रित करून मग त्यांतला एक निवडायचा, याला मी करमणूक म्हणतो.

मग खरा पुरावा कशाला मानायचे?

दोन काळांत पाय असलेल्या माणसांना. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. त्याच फोरमनने नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, २६ वर्षांच्या अपराजित मायकेल मूररला दहाव्या फेरीत बाद करून किताब परत मिळवला. लॅरी होम्स, जो अलीचा सराव-जोडीदार होता, त्याने १९९२ मध्ये ऑलिंपिक सुवर्णविजेत्या रे मर्सरला हरवले. दोघेही उतरणीला लागलेले होते आणि तरी पुढच्या पिढीपुढे उभे राहिले. उलट बाजूने आर्ची मूरचे उदाहरण देतात : तो १९५५ मध्ये मार्सियानोशी आणि १९६२ मध्ये तरुण अलीशी लढला, दोन्हीकडे हरला. पण दुसऱ्या लढतीच्या वेळी तो चाळिशी ओलांडून गेला होता, म्हणून त्यावरून मार्सियानो आणि अली यांचा निकाल लावता येणार नाही.

आजचा आहार आणि व्यायाम मिळाला असता तर जुने अधिक चांगले लढले असते का?

नव्या परिस्थितीशी जुळवून घेणे ही अंगभूत गुणवत्तेचीच खूण आहे आणि त्याचे आपल्या मातीतले उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. मातीत तयार झालेले आणि राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा १९४८ मध्ये लंडनला अनोळखी मॅटवर उतरून सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. रॉबिन्सनला किंवा आर्मस्ट्राँगला आजचा प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ मिळाला असता, तर तेही असेच बदलले असते. मात्र हा न्याय दोन्ही बाजूंना लावावा : क्रॉफर्डला १९४० च्या दशकात रिंगमध्ये उतरवा, म्हणजे त्यालाही महिन्याला दोन लढती करायला लागल्या असत्या.

भारतीय मुष्टियोद्ध्यांची अशी तुलना करता येईल का?

सावधपणे. हौशी मुष्टियुद्धाचे नियम सतत बदलत गेले. १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत वरचढ ठरूनही परीक्षकांनी हरवलेल्या रॉय जोन्सवर झालेल्या अन्यायानंतर १९९२ पासून परीक्षकांनी बटण दाबून गुण देण्याची यंत्रणा आली आणि पोटावरच्या ठोशाला जवळजवळ किंमत उरली नाही. विजेंदर सिंग यांचे २००८ चे कांस्य त्या पद्धतीतले आहे. लवलिना बोर्गोहाइं यांचे टोकियोचे कांस्य दहा गुणांच्या पद्धतीतले, म्हणजे फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याच्या पद्धतीतले. मेरी कोम यांच्याबाबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांची जागतिक सुवर्णपदके ४५ ते ४८ किलो गटांतली आहेत, पण २०१२ मध्ये ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत खालचा गट ५१ किलोंचा होता, म्हणून त्यांनी आपल्याहून मोठ्या मुलींशी लढून कांस्य आणले.

सुरुवात कोणत्या लढतींपासून करावी?

अली आणि क्लीव्हलँड विल्यम्स १९६६, रॉबिन्सन आणि लमोटा १९५१, लेनर्ड आणि हर्न्स १९८१, उसिक आणि फ्युरी मे २०२४ या चार पुरेशा आहेत. त्याआधी लुईस आणि कॉन १९४१ पाहावी. समालोचनाचा आवाज बंद करावा, प्रत्येक फेरीचे गुण स्वतः कागदावर मांडावेत, बाराव्या फेरीच्या घंटेला चित्रफीत थांबवून आजच्या नियमाने किताब कोणाचा ते लिहून ठेवावे आणि मगच तेरावी फेरी सुरू करावी.